स्थावर आणि जंगम : बार्बाडोस व त्रिनिदाद येथील दोन कादंबऱ्यांतील घर, जमीन आणि अर्थव्यवस्था

प्रास्ताविक

कॅरिबियन साहित्य आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आता नवखे राहिलेले नाही. पूर्वी 'राष्ट्रकुल साहित्य' आणि नंतर 'वसाहतोत्तर साहित्य' या नावाने जी अभ्यासपत्रिका शिकविली जाते, तिच्यात व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) ही कादंबरी बहुधा असते. जॉर्ज लॅमिंग यांची 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' (१९५३) मात्र क्वचितच नेमलेली आढळते. या दोन्ही कादंबऱ्यांवरील आपल्याकडचे लेखन अस्मिता, विस्थापन, मुळांचा शोध अशा चार-दोन संकल्पनांभोवती फिरत राहते. या संकल्पना चुकीच्या आहेत असे नाही. परंतु त्या कोणत्याही बेटाला, किंबहुना कोणत्याही देशाला सारख्याच लागू पडतात. बार्बाडोस आणि त्रिनिदाद हे दोन भिन्न समाज आहेत, त्यांची अर्थव्यवस्था भिन्न पायांवर उभी राहिली आणि त्या भिन्नतेचा ठसा या कादंबऱ्यांतील घराच्या जोत्यापर्यंत उमटला आहे, हे त्या चर्चेत हरवून जाते.

क्रिकेटनेही या गैरसमजाला थोडा हातभार लावला असावा. १९७१ च्या मालिकेत सुनील गावसकरांनी ७७४ धावा केल्या, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन आणि ब्रिजटाउन ही नावे मराठी घराघरांत पोहोचली. पण ती एकाच संघाच्या दोन मैदानांची नावे म्हणून. वेस्ट इंडीज नावाचा एक देश नाही, हे वर्गात आजही सांगावे लागते.

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या प्रबंधिकेत बिस्वासच्या घराची मांडणी 'स्वामित्वाचा विजय' अशी केली होती. कादंबरीच्या उपोद्घातातच एक लहानसा आकडा आहे आणि तो या मांडणीला छेद देतो. तो त्या वेळी नजरेतून सुटला. मार्गदर्शकांच्या आणि परीक्षकांच्याही नजरेतून सुटला. त्या आकड्याकडे आपण पुढे येऊच. तो समजण्यासाठी आधी दोन्ही बेटांच्या जमिनीचा इतिहास पाहावा लागेल.

जमीन कमी, माणसे अधिक. जमीन अधिक, माणसे कमी

बार्बाडोस हे सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे, बहुतांशी प्रवाळ-चुनखडकाचे बेट. १६२७ मध्ये इंग्रजांची वसाहत तेथे झाली आणि १९६६ मधील स्वातंत्र्यापर्यंत ते दुसऱ्या कोणत्याही सत्तेच्या हाती गेले नाही. कॅरिबियन समुद्रातील बेटे युरोपीय सत्तांमध्ये पत्त्यांसारखी फिरत असताना ही अखंडता अपवादात्मक होय. १६४० च्या दशकात उसाची लागवड सुरू झाली आणि एका पिढीत सबंध बेट मळ्यांखाली गेले. रान उरले नाही, पडीक उरले नाही. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा बार्बाडोसमध्ये सुमारे ८३ हजार गुलाम होते. 'शिकाऊ' म्हणून लादलेल्या सक्तीच्या कामाचा काळ १८३८ मध्ये संपून ते खऱ्या अर्थाने मुक्त झाले खरे. पण त्यांना जायला जागा नव्हती.

त्रिनिदादची गोष्ट याच्या नेमकी उलट. क्षेत्रफळ बार्बाडोसच्या अकरापट. पण १७८३ पर्यंत स्पेनच्या ताब्यातील एक दुर्लक्षित कोपरा. त्या वर्षीच्या स्पॅनिश राजाज्ञेने कॅथलिक मळेवाल्यांना जमिनीचे आमिष दाखविले. तेव्हा फ्रेंच कुटुंबे आपापल्या गुलामांसह तेथे आली. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. गुलामगिरीच्या अंताच्या वेळी तेथे केवळ २० हजारांच्या आसपास गुलाम होते आणि सभोवती मोकळी जमीन अफाट पसरली होती. मुक्त झालेला माणूस मळा सोडून चालू लागला, तर त्याला अडविणारे काही नव्हते.

येथून पुढचा सारा फरक निर्माण होतो. बार्बाडोसच्या मळेवाल्याला मजूर आणावे लागले नाहीत. त्याने जमिनीलाच साखळी केले. १८४० च्या कायद्याने अशी व्यवस्था पक्की झाली की, मजुराने मळ्याच्या जमिनीवर झोपडे घालावे, त्याबदली मळ्यावर काम करावे. काम सोडले की जागा सोडावी. त्रिनिदादच्या मळेवाल्याला हे शक्य नव्हते. त्याने समुद्रापलीकडून माणसे आणली. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला लागले आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे गिरमिटावर तेथे गेली. ही जहाजे मुख्यतः कलकत्त्याहून सुटत. माणसे बिहार आणि संयुक्त प्रांतातील. आपल्याकडचे मराठी गिरमिटिये गेले ते मॉरिशसला. या आयातीचा खर्च सर्वस्वी मळेवाल्यांनी सोसला असेही नाही. त्याचा एक भाग वसाहतीच्या सार्वजनिक महसुलातून भागविला जाई. म्हणजे ज्यांची मजुरी पाडण्यासाठी नवे मजूर आणले, त्या मुक्त कृष्णवर्णीयांच्या करातूनही तो जाई. दोन समाजांतील पुढच्या दुराव्याची पहिली नोंद अशी हिशोबाच्या वहीत सापडते.

१८६९ पासून काही वर्षे परतीच्या भाड्याऐवजी सरकारी जमीन घेण्याची सवलत हिंदी मजुरांना मिळाली आणि कारोनीच्या सपाट प्रदेशात हिंदी शेतकऱ्यांची गावे उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण त्रिनिदादमध्ये तेल निघू लागले. ऊस, कोको, डांबराचे सरोवर आणि तेल, असे चार-चार आधार असलेला, चार-पाच वंशांचा हा समाज आणि एका उसावर उभा असलेला, गोरा मालक व काळा मजूर अशी सरळ उतरंड असलेला तो समाज. दोहोंमध्ये समुद्राचे अंतर मात्र तीनशे-साडेतीनशे किलोमीटर.

क्रेटनचे गाव

आपल्या महसुली भाषेत मालमत्तेचे दोन प्रकार आहेत, स्थावर आणि जंगम. घर हे आपण न विचारता स्थावरात धरतो. बार्बाडोसने घरालाच जंगम केले. तेथील कष्टकऱ्याचे घर 'चॅटल हाउस' या नावाने ओळखले जाते आणि या नावाचा अर्थच जंगम घर असा आहे. लाकडी फळ्यांचे, दगडांच्या सुट्या थरावर टेकविलेले, गरज पडल्यास उकलून गाडीवर घालून दुसरीकडे नेता येईल असे. घर मजुराचे, भुई मालकाची. आज पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकांवर हे घर रंगीत खिडक्यांसह मोठ्या हौसेने छापलेले असते. पाया का नाही, हे त्यावर लिहिलेले नसते.

लॅमिंग यांची कादंबरी समजून घेण्यासाठी हे घर डोळ्यांसमोर असावे लागते. ९ वर्षांच्या 'जी' या मुलाच्या वाढदिवशी पाऊस कोसळतो आहे, गावात पूर आला आहे, या प्रसंगाने कादंबरी उघडते. समीक्षकांनी या पुरात बायबलचा प्रलय पाहिला. आपण एवढेच पाहावे की, पाण्याने हलतील अशीच ही घरे आहेत. गाव मिस्टर क्रेटन यांच्या मालकीचे. ते टेकडीवरच्या घरात राहतात, भाडे घेतात, रस्ते दुरुस्त करतात, संध्याकाळी गाडीतून फेरी मारतात. गावकऱ्यांना त्यांची भीती वाटते आणि आधारही वाटतो. येथे लॅमिंग यांचे निरीक्षण फार सूक्ष्म आहे. गावातील मुले शाळेत साम्राज्याचा उत्सव साजरा करतात, आणि गुलामगिरी नावाचे काही आपल्याच बेटावर घडले होते याची त्यांना नीट कल्पनाही नसते. तीन शतके एकच ध्वज पाहिलेल्या बेटाला 'लिटल इंग्लंड' म्हणवून घेण्यात भूषण वाटत होते. त्या भूषणाची किंमत शाळेतील हे विस्मरण आहे.

याच शाळेतील एक शिक्षक, मिस्टर स्लाइम, नोकरी सोडून गावकऱ्यांसाठी पेनी बँक आणि सहाय्यक मंडळी काढतो. लोक पै-पै भरतात. आपली बचत एक दिवस आपल्याला पायाखालची भुई मिळवून देईल असे त्यांना वाटते. संप होतो, दंगल उसळते. जमाव क्रेटनला गाठतो आणि स्लाइमच्या इशाऱ्याची वाट पाहतो. तो इशारा मिळत नाही, आणि मालक सुखरूप घरी पोहोचतो. पुढे क्रेटन जमीन विकून टाकतो. विकत कोण घेते? स्लाइम, त्याच्या संस्था आणि त्या संस्थांच्या आधारावर पत मिळविलेली शिकलेली मंडळी. गावातील वृद्ध 'पा' ज्या तुकड्यावर आयुष्यभर राहिला, तो शाळेच्या मुख्याध्यापकाने घेतलेला असतो. पा निराधारांच्या आश्रमात जातो. ज्यांनी पेन्या भरल्या, त्यांनाच घर उचलण्याची नोटीस येते.

बचतीचे भांडवलात रूपांतर कसे होते आणि ते कोणाच्या हाती जाते, याचे इतके स्वच्छ चित्रण त्या पिढीच्या कॅरिबियन कादंबरीत दुसरे सहसा सापडणार नाही. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, सेंट लुशिया बेटाचे अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. आर्थर लुईस यांचा अमर्याद श्रमपुरवठ्याविषयीचा सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. निर्वाह-क्षेत्रातील जादा श्रमिकांना भांडवली क्षेत्र जवळजवळ स्थिर मजुरीवर सामावून घेते आणि नफ्यातून पुन्हा भांडवल वाढते, असा त्याचा गाभा. लुईस यांनी हा श्रमपुरवठा गृहीत धरला; लॅमिंग यांची कादंबरी तो कसा तयार केला जातो हे सांगते. क्रेटनच्या गावात जादा श्रमिक आहेत, कारण त्यांच्या नावावर भुई नाही. पा तरुणपणी पनामा कालव्यावर काम करून आलेला आहे, ही तपशिलाची गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी बार्बाडोसमधून हजारो माणसे पनामाला गेली. त्या पैशातून काहींनी घराकडे जमिनीचे तुकडेही घेतले. बार्बाडोसमध्ये भुई मिळविण्याचा खात्रीचा मार्ग बेटाबाहेरून जात होता. कादंबरीच्या शेवटी जी स्वतःही बेट सोडतो. तो जातो त्रिनिदादला, शिक्षकाच्या नोकरीवर. स्वतः लॅमिंग १९४६ मध्ये असेच गेले होते.

सिक्किम स्ट्रीटचा हिशोब

आता त्रिनिदादकडे वळू. मोहन बिस्वासची कथा आपल्याकडे सर्वपरिचित असल्याने ती येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु तिच्या आरंभीच्या भागातील एका प्रसंगाकडे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर त्याची आई बिप्ती झोपडी आणि जमीन शेजाऱ्याला विकून टाकते. पुढे त्या जमिनीखाली तेल निघते. वृत्तपत्राचा वार्ताहर झालेला बिस्वास अनेक वर्षांनी तेथे जातो, तेव्हा त्याला आपल्या बालपणीची जागा सापडत नाही. तेलाचे मनोरे आणि वरखाली हलणारे पंप तेवढे दिसतात. नायपॉल हे परिच्छेदभरात उरकतात आणि पुढे जातात. या परिच्छेदात त्रिनिदादची सबंध अर्थव्यवस्था आहे. लॉइड बेस्ट आणि कारी लेव्हिट यांनी १९६० च्या दशकात 'मळा-अर्थव्यवस्थे'ची जी उपपत्ती मांडली, तिचा आशय असा की, अशा देशात उत्पादन, भांडवल, बाजारपेठ आणि निर्णय यांची साखळी परदेशातील केंद्राशी जोडलेली असते. स्थानिक समाज त्या साखळीच्या कडेला उरतो. ऊस जाऊन तेल आले तरी कडेचा माणूस कडेलाच राहतो. बिस्वास आपल्या बालपणीच्या जागी जातो तो वृत्तलेख लिहिण्यासाठी, वारस म्हणून नव्हे.

यानंतर बिस्वासचे आयुष्य घरांची एक मालिकाच आहे. चागुआनासमधील ज्या 'लायन हाउस'वरून नायपॉल यांनी हनुमान हाउस रचले, ते त्यांच्या आजोळचे घर. तुलसी कुटुंबाचे हे घर म्हणजे एक लहानशी मळा-व्यवस्था आहे, हे निरीक्षण अनेकांनी केले आहे. ते योग्यच आहे. जावयांनी शेतात आणि दुकानात राबावे, बदल्यात छप्पर आणि जेवण मिळावे. १८४० च्या बार्बाडोसमधील कायद्याशी याचे साम्य कोणालाही दिसावे. ग्रीन व्हेल येथे बिस्वास उसाच्या मळ्यावर देखरेखीचे काम करतो, बराकीत राहतो, आणि उधारीवर एक अर्धवट घर बांधतो. ते वादळात मोडते आणि उरलेले मजुरांकडून जाळले जाते. मजूर ते का जाळतात, याचे कारण कादंबरीत आहे. तुलसींनी त्यांच्याकडील जमिनी काढून घेतलेल्या असतात. वर्गात मात्र आपण वादळाचे प्रतीक शिकवितो.

आता तो आकडा. पोर्ट ऑफ स्पेनमधील सिक्किम स्ट्रीटवरचे घर बिस्वास एका सॉलिसिटरच्या कारकुनाकडून साडेपाच हजार डॉलरना घेतो. बहुतेक रक्कम अजोधाकडून कर्जाऊ. मृत्यूसमयी, वयाच्या ४६ व्या वर्षी, तीन हजार डॉलरचे कर्ज शिल्लक आहे. आठ टक्के दराने महिन्याला २० डॉलर व्याज. आणि त्याच दमात नायपॉल सांगतात की, महिन्याला १० डॉलर भुईभाडे.

भुईभाडे! म्हणजे ज्या घराला आपण स्वामित्वाचे प्रतीक मानत आलो, त्याच्या खालची जमीन बिस्वासची नाहीच. पृथ्वीवर आपल्या हक्काचा एक तुकडा असावा, ही त्याची आयुष्यभराची आकांक्षा कादंबरी विलक्षण करुणेने सांगते. आणि तीच कादंबरी, जवळजवळ त्याच श्वासात, तो तुकडा दहा डॉलरनी भाड्याने घेतलेला आहे असेही नोंदविते. नायपॉल यांनी यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही. त्यांच्या गद्याची ही शक्ती आहे, पण आपल्यासारख्या वाचकांसाठी सापळाही आहे.

बार्बाडोसची कादंबरी घर गमावण्याची आणि त्रिनिदादची घर मिळविण्याची, असा सोपा विरोध प्रस्तुत लेखकाने पूर्वी मांडला होता आणि इतरत्रही तो वाचावयास मिळतो. तो या आकड्यापुढे टिकत नाही. तथापि दोन्ही बेटांची स्थिती सारखीच, अशा उलट टोकालाही जाता येणार नाही. पा याच्याकडे कर्ज नाही, कारण त्याला कर्ज देणारे कोणी नाही. पेनी बँकेची पत शिकलेल्यांपुरती आहे. बिस्वासला कर्ज मिळते, कारण अजोधा नात्यातला आहे; तो बस, टॅक्सी आणि व्याजबट्टा यांवर श्रीमंत झालेला आहे. असा अजोधा क्रेटनच्या गावात संभवत नाही. त्रिनिदादच्या पसरट, अनेक आधारांच्या अर्थव्यवस्थेत मळ्याच्या बाहेर पैसा करण्याच्या फटी होत्या, आणि युद्धकाळात अमेरिकन तळ आल्यावर त्या रुंदावल्या. पाटी-रंगारी, दुकानदार, वार्ताहर, समाजकल्याण अधिकारी, अशा चार-पाच व्यवसायांतून बिस्वास जातो. क्रेटनच्या गावातील चांभाराला चांभारच राहावे लागते. फरक आहे तो येथे आहे. भुईच्या मालकीत तो नाही, पतीत आणि व्यवसायांतराच्या संधीत आहे.

दोन मौने

दोन्ही लेखकांचे एकमेकांविषयी फारसे बरे मत नव्हते. 'द प्लेझर्स ऑफ एक्झाइल' (१९६०) मध्ये लॅमिंग यांनी नायपॉल यांच्या उपहासावर कठोर टीका केली. नायपॉल यांनी 'द मिडल पॅसेज' (१९६२) मध्ये वेस्ट इंडीजच्या इतिहासाविषयी जे तुच्छतेचे विधान केले, ते आजही तेथील वाचक विसरलेले नाहीत. या वादात कोणाची बाजू घ्यावी, यापेक्षा कोण काय गाळतो हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

१९३७ हे वर्ष घेऊ. जून महिन्यात त्रिनिदादच्या फिझाबाद येथे तेल-कामगारांचा संप पेटला. नेता ट्यूबल युराया बटलर, मूळचा ग्रेनेडाचा. जुलैमध्ये बार्बाडोसमध्ये दंगल झाली. तिचे निमित्त क्लेमंट पेन. बार्बाडियन आईवडिलांच्या पोटी त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या कामगार-संघटकाला सरकारने बेटाबाहेर काढले आणि ब्रिजटाउन पेटले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. एका बेटावरील ठिणगी दुसऱ्यावर कशी गेली, हे पेन या एका माणसाच्या जन्मनोंदीत दिसते. लॅमिंग यांच्या कादंबरीतील दंगल ही त्या जुलैचीच. नायपॉल यांच्या कादंबरीत मात्र त्या जूनला कोणतेही ठळक स्थान नाही. बिस्वासच्या त्रिनिदादमध्ये कृष्णवर्णीय समाज कडेकडेने वावरतो, तेलकामगार दिसतच नाहीत. हिंदी आणि आफ्रिकी हे दोन समाज तेथे पाठीला पाठ लावून जगत होते, हे खरे. पण तेवढेच खरे नव्हते. बटलरच्या चळवळीनंतर तेल-कामगार आणि साखर-कामगार या दोन्ही संघटनांचे पहिले अध्यक्ष झाले ते एड्रियन कोला रिएन्झी, मूळ नाव कृष्ण देवनारायण. कारोनीतील हिंदी मजूर आणि फिझाबादचा आफ्रिकी मजूर एका माणसाला अध्यक्ष करू शकत होते. 'मिस्टर बिस्वास'मध्ये हा त्रिनिदाद नाही. पुढे 'अ वे इन द वर्ल्ड' (१९९४) मध्ये नायपॉल बटलरकडे वळले. परंतु ती कादंबरी आपल्या अभ्यासक्रमांपर्यंत क्वचितच पोहोचते.

लॅमिंग यांचे मौन वेगळ्या जातीचे आहे. अमेरिकेहून परतलेला ट्रम्पर शेवटी जीला वंशजाणिवेचा मंत्र देतो, पॉल रोबसनचे गाणे ऐकवितो. हा भाग बहुतेक समीक्षकांना कादंबरीचा कळस वाटतो. प्रस्तुत लेखकाला तो तसा वाटत नाही. गाव ज्याने विकत घेतले तो स्लाइम कृष्णवर्णीयच आहे. मुख्याध्यापकही कृष्णवर्णीयच आहे. वंशजाणीव क्रेटनविरुद्ध उपयोगी पडते, स्लाइमविरुद्ध ती काय करणार? कादंबरीने शंभर-दीडशे पृष्ठे खपून पेनी बँकेचा जो प्रश्न उभा केला, त्याला ट्रम्परचे उत्तर लागू पडत नाही, आणि लॅमिंग यांच्यासारख्या जागरूक लेखकाच्या हे लक्षात आले नसेल असे वाटत नाही. उत्तर नसताना त्यांनी स्वर चढविला, असे मत नोंदवावेसे वाटते.

कादंबऱ्यांनंतरची बेटे

स्वातंत्र्यानंतर दोन्ही देशांचे मार्ग अधिकच वेगळे झाले. त्रिनिदाद व टोबॅगो १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. गुलामगिरी आणि भांडवलशाही यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार एरिक विल्यम्स १९८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत पंतप्रधान होते. १९७३-७४ च्या तेलदरवाढीने खजिना ओसंडला, १९८६ च्या घसरणीने तो रिता केला आणि दशक संपता संपता देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी गेला. १९९९ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूची निर्यात सुरू होऊन पुन्हा भरती आली. २०१८ मध्ये पॉइंट-आ-पिएर येथील शतकभराचा तेलशुद्धीकरण कारखाना बंद झाला. तेलाच्या पैशाने इतर उत्पादन महाग आणि दुबळे होते, हे अर्थशास्त्रातील सर्वश्रुत दुखणे येथे पाठ्यपुस्तकाइतके स्पष्ट दिसते.

बार्बाडोसकडे असा पैसा नव्हता. एरोल बॅरो यांच्या सरकारने १९६२ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केले. १९७५ पासून दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकन डॉलर हा दर आजवर टिकविला आहे. १९९१ च्या संकटातही अवमूल्यन न करता सरकारी नोकरांचे पगार आठ टक्क्यांनी कापले, आणि पुढे १९९३ मध्ये मालक, कामगार-संघटना व सरकार यांनी किमती आणि वेतन यांविषयी लेखी करार केला. असा करार त्रिनिदादमध्ये टिकला असता का, असा प्रश्न पडतो. लहान, एकजिनसी, शाळेच्या शिस्तीत वाढलेल्या समाजालाच तो परवडावा. मात्र ही शिस्त कर्ज थोपवू शकली नाही. जून २०१८ मध्ये मिया मॉटली यांच्या नव्या सरकारला परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. २०२१ मध्ये बार्बाडोस प्रजासत्ताक झाला. त्रिनिदाद १९७६ मध्येच झाला होता.

जी ज्या दिशेने गेला होता, तिकडून भांडवल उलट आले. २००३ मध्ये बार्बाडोस नॅशनल बँक त्रिनिदादच्या रिपब्लिक बँकेकडे गेली. २००८ मध्ये बार्बाडोस शिपिंग अँड ट्रेडिंग ही तेथील जुनी व्यापारी कंपनी त्रिनिदादच्या नील अँड मॅसीने घेतली. ब्रिजटाउनमध्ये त्यावर नाराजी उमटली. आपली भुई शेजाऱ्याने घेतली, असा तिचा सूर होता. दरम्यान दोन्ही देशांतील सागरी सीमेचा वाद, त्यात उडणाऱ्या माशांची मासेमारी आणि समुद्राखालील तेल-वायू असे दोन्ही विषय होते, २००६ मध्ये लवादाने निकाली काढला.

जमिनीचे काय झाले, हे शेवटी पाहावे लागते. बार्बाडोसने १९८० मध्ये कायदा करून मळ्यांच्या जमिनीवर भाड्याने राहणाऱ्यांना आपल्या घराखालचा तुकडा चौरस फुटाला दहा सेंट या दराने विकत घेण्याचा हक्क दिला. मळ्यांबाहेरच्या वसाहतींना हा दर नव्हता. लॅमिंग यांची कादंबरी तेव्हा २७ वर्षांची होती. १४० वर्षे जंगम राहिलेली घरे हळूहळू पक्क्या जोत्यावर चढू लागली. लाकडी फळ्यांच्या जागी पक्क्या भिंती आल्या. त्रिनिदादमध्ये २००३ साली सरकारी साखर कंपनी कारोनी बंद झाली आणि सुमारे नऊ हजार कामगार घरी गेले. त्यांत मोठा भाग गिरमिटियांच्या वंशजांचा. त्यांना प्रत्येकी दोन एकर शेतजमीन आणि घरासाठी भूखंड देण्याचे ठरले. वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले. काहींच्या हाती कागद आला तोवर ऊस तोडणारे हात म्हातारे झाले होते. आणि ती शेतजमीनही मालकीची नव्हती. ती भाडेपट्ट्याने होती.